बँकेत टपाल सांभाळणाऱ्या माणसाने शोधून काढले विसरलेले कृष्णवर्णीय चित्रकार

२७ नोव्हेंबर १९७०. लंडनमधल्या क्रिस्टीजच्या लिलावात एक चित्र विकलं गेलं. बोली थांबली ती थेट २३ लाख १० हजार पौंडांवर. तोपर्यंत लिलावात कुठल्याही चित्राने १० लाख पौंडांचा आकडासुद्धा ओलांडला नव्हता.

चित्र होतं स्पेनच्या राजाचे दरबारी चित्रकार दिएगो वेलास्केस यांचं. १६५० मध्ये रोममध्ये काढलेलं. पांढऱ्या कॉलरचा सावळा माणूस, मान किंचित वळवलेली आणि नजर थेट आपल्या डोळ्यांत. पुढच्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये पोहोचलं आणि तिथल्या सगळ्यात गाजलेल्या चित्रांपैकी एक झालं. चित्रातल्या माणसाचं नाव हुआन दे पारेहा. वेलास्केस यांच्या चित्रशाळेत राबणारा त्यांचा गुलाम.

इथपर्यंतची गोष्ट कलेची आवड असणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत असते. पण हा पारेहा स्वतःही चित्रकार होता, गुलामीतून सुटल्यावर त्याने मोठमोठी चित्रं काढली आणि त्यातलं एक सव्वातीन मीटर रुंदीचं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, हे कितीजणांना ठाऊक असतं? १९२६ मध्ये तर त्याची चौकशी करणारा माणूस विरळाच. त्या वर्षी न्यूयॉर्कहून एक गृहस्थ फक्त अशाच गोष्टी शोधायला अटलांटिक ओलांडून स्पेनला गेले. ते प्राध्यापक नव्हते, कलासमीक्षक नव्हते, त्यांच्याकडे कॉलेजची पदवीही नव्हती. ते एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करत होते.

नाव अर्तुरो अल्फोन्सो शॉम्बर्ग.

आज जगभरातली मोठी संग्रहालयं आफ्रिकी डायस्पोराच्या कलेची प्रदर्शनं भरवतात. डायस्पोरा म्हणजे आफ्रिकेबाहेर विखुरलेला आफ्रिकी वंशाचा समाज. कुणी गुलाम म्हणून विकला गेला, कुणी खलाशी, कुणी सैनिक म्हणून बाहेर पडला. या सगळ्यांची कला एकत्र मांडायची, तर आधी ती शोधून जपून ठेवलेली असायला हवी. शॉम्बर्ग यांनी आयुष्यभर ते केलं, आणि तेही नोकरीचे तास संपल्यावर.

२४ जानेवारी १८७४ ला कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर, सान हुआन शहराच्या सांतुर्से भागात त्याचा जन्म झाला. बेट तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. आई मूळची सेंट क्रॉई बेटावरची, स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री. वडील जर्मन वंशाचे व्यापारी, म्हणून आडनाव असं जर्मन वळणाचं. अर्तुरोच्या जन्माआधी जेमतेम एक वर्ष, म्हणजे १८७३ मध्ये, पोर्तो रिकोत गुलामगिरी संपली होती. म्हणजे हा मुलगा ज्या गल्लीत खेळला, तिथली काही मोठी माणसं कालपरवापर्यंत कुणाच्या तरी मालकीची असू शकत होती.

त्याच्या चरित्रांत शाळेतला एक प्रसंग हमखास येतो. पाचवीच्या आसपास असताना एका शिक्षिकेने त्याला सांगितलं म्हणे की, काळ्या लोकांना इतिहास नाही, त्यांच्यात कुणी वीर नाही, त्यांनी सांगण्यासारखं काही केलेलं नाही. प्रसंग अगदी असाच घडला का, यावर अभ्यासक वाद घालतात. पण त्या काळात असं वर्गात उभं राहून सांगायला कुणाला पुरावा द्यावा लागत नव्हता, हे मात्र खरं. उलट बाजू मांडणाऱ्यालाच पुरावा मागितला जाणार होता. शॉम्बर्ग पुढची पन्नास वर्षं तो पुरावा गोळा करत राहिले.

१८९१ च्या एप्रिलमध्ये वयाच्या १७ व्या वर्षी तो न्यूयॉर्कला आला. तिथे क्युबा आणि पोर्तो रिकोमधून आलेल्या कामगारांची मोठी वस्ती होती आणि स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याचं वारं जोरात होतं. अर्तुरो त्यात उतरला. १८९२ मध्ये त्याने सोबत्यांबरोबर ‘लास दोस अंतियास’ म्हणजे ‘दोन अँटिलिस बेटं’ नावाचा क्लब काढला. उद्देश सरळ होता, दोन्ही बेटांच्या स्वातंत्र्यासाठी मदत जमवायची. पण १८९८ मध्ये स्पेन हरला आणि पोर्तो रिको स्वतंत्र न होता अमेरिकेच्या ताब्यात गेलं. क्लब बंद पडला.

देश मिळाला नाही. त्यानंतर शॉम्बर्ग यांचं लक्ष हळूहळू एका बेटावरून जगभरच्या कृष्णवर्णीयांकडे वळलं.

पोटासाठी त्यांनी पडेल ते काम केलं. लिफ्ट चालवली, हॉटेलात सामान उचललं, काही वर्षं एका वकिली फर्ममध्ये निरोप्या आणि कारकून होते. १९०६ मध्ये बँकर्स ट्रस्ट कंपनीत लागले आणि वाढत वाढत तिथल्या कॅरिबियन व लॅटिन अमेरिकी टपाल विभागाचे प्रमुख झाले. एका गोऱ्या बँकेत कृष्णवर्णीय माणसाच्या हाताखाली विभाग असणं त्या काळात साधी गोष्ट नव्हती. घरची गंमत वेगळीच. त्यांची तीन लग्नं झाली आणि तिन्ही बायकांचं नाव एलिझाबेथ होतं.

पगाराचा मोठा हिस्सा जायचा पुस्तकांत. पुस्तकं, हस्तलिखितं, पत्रं, जुनी छापील चित्रं, पत्रकं. अट एकच, ते आफ्रिकी वंशाच्या माणसाने केलेलं असावं किंवा त्यांच्याबद्दल असावं. ब्रुकलिनमधलं त्यांचं घर जमिनीपासून छतापर्यंत कागदांनी भरलं होतं. परदेशी जाणाऱ्या मित्रांच्या हाती ते यादी द्यायचे. जुन्या पुस्तकांच्या दुकानदारांना अनेकदा आपण काय विकतोय हे माहीत नसायचं, आणि त्याचा फायदा या गिऱ्हाइकाला व्हायचा.

काय काय होतं त्या घरात? फिलिस व्हीटली यांच्या कविता. लहानपणी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या या मुलीचं पुस्तक १७७३ मध्ये लंडनमध्ये छापलं गेलं होतं, तेव्हा ती अजून गुलामच होती. हैतीच्या गुलामांच्या उठावाचे नेते तुसाँ लूव्हेर्त्युर यांचे कागद. खगोल आणि गणित स्वतःच शिकलेल्या बेंजामिन बॅनेकर यांची पंचांगं. आणि ग्रानाडाच्या हुआन लातिनो यांचं १५७३ मध्ये छापलेलं लॅटिन काव्य. गुलाम म्हणून वाढलेला आफ्रिकी माणूस सोळाव्या शतकात स्पेनमध्ये लॅटिन शिकवत होता आणि लॅटिनमध्ये कविता छापत होता. त्या शिक्षिकेला दाखवायला हे एकच पुस्तक पुरलं असतं.

१९११ मध्ये त्यांनी जॉन एडवर्ड ब्रूस यांच्यासोबत निग्रो सोसायटी फॉर हिस्टॉरिकल रिसर्च स्थापन केली. ब्रूस स्वतः गुलामीत जन्मलेले पत्रकार. (‘निग्रो’ हा शब्द आज खटकतो, पण त्या काळात कृष्णवर्णीय लोक स्वतःच्या संस्थांसाठीही तोच वापरायचे. म्हणून जुन्या नावांत तो तसाच ठेवलाय.)

आता इतर संग्राहक आणि शॉम्बर्ग यांच्यातला फरक इथे दिसतो. संग्रह करणाऱ्या माणसाला सहसा आपली वस्तू कुणी हाताळलेली आवडत नाही. शॉम्बर्ग यांना ती भिंतीवर लावायची घाई होती.

ऑगस्ट १९१८ मध्ये ब्रुकलिनच्या कार्लटन अव्हेन्यूवरच्या वायएमसीएमध्ये निग्रो लायब्ररी असोसिएशनने एक प्रदर्शन भरवलं. ७ ते १६ ऑगस्ट, असे दहा दिवस. शॉम्बर्ग त्यामागच्या मंडळींपैकी एक. पहिलं महायुद्ध संपायचं होतं. अमेरिकी सैन्यातले कृष्णवर्णीय सैनिक वेगळ्या तुकड्यांत लढत होते. आणि इकडे कृष्णवर्णीयांसाठीच्या त्या वायएमसीएमध्ये पुस्तकं, हस्तलिखितं, रंगीत चित्रं, कोरीव चित्रं आणि शिल्पं एकत्र मांडली होती. सोबत छापील कॅटलॉग. हा कॅटलॉग महत्त्वाचा आहे. प्रदर्शन दहा दिवसांत उतरवलं जातं, पण कॅटलॉगमध्ये कोणती वस्तू, कुणाची, कधीची याची नोंद राहते. पुढच्या अभ्यासकाला ती धरून मागे जाता येतं.

हार्लेम हा न्यूयॉर्कचा भाग तेव्हा वेगाने बदलत होता. दक्षिणेकडच्या राज्यांतून आणि कॅरिबियन बेटांवरून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं तिथे येत होती. तिथल्या १३५ व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक वाचनालयात १९२० मध्ये अर्नेस्टीन रोझ ग्रंथपाल म्हणून आल्या. त्या गोऱ्या होत्या, पण वाचनालय वस्तीचं असेल तर तिथली माणसंही वस्तीतली हवीत, असं त्यांचं मत होतं. १९२१ पासून या वाचनालयात कृष्णवर्णीय कलाकारांची प्रदर्शनं भरू लागली. मोठ्या गॅलऱ्यांची दारं ज्यांना बंद होती, त्यांची चित्रं पुस्तकांच्या कपाटांशेजारी लागली. शॉम्बर्ग इथे वस्तू उसन्या द्यायचे, मांडायचे, येणाऱ्यांना समजावून सांगायचे.

मे १९२५ मध्ये याच वाचनालयात कृष्णवर्णीयांचं साहित्य, इतिहास आणि छापील चित्रं यांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये शॉम्बर्ग यांचा ‘द निग्रो डिग्ज अप हिज पास्ट’ हा लेख आला होता. पुढे तो अ‍ॅलन लॉक यांच्या ‘द न्यू निग्रो’ या गाजलेल्या पुस्तकात घेतला गेला. आपला भूतकाळ आपणच खणून काढायला हवा, हे त्यातलं म्हणणं. इंग्रजी ही शॉम्बर्ग यांची दुसरी भाषा होती, लेखांवर संपादकांचा हात बराच फिरायचा. शिकलेल्या वर्तुळात काहीजण त्यांना निव्वळ हौशी समजायचे. पण त्याच लोकांना संदर्भ हवा असला की पायरी चढावी लागायची ती ब्रुकलिनच्या घराची.

मग आलं १९२६. कार्नेगी कॉर्पोरेशनने १० हजार डॉलर दिले आणि शॉम्बर्ग यांचा संग्रह न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीसाठी विकत घेतला. ५ हजारांहून जास्त पुस्तकं, ३ हजार हस्तलिखितं, २ हजारांच्या घरात कोरीव चित्रं आणि शिवाय हजारो पत्रकं. आयुष्यभराची कमाई घराबाहेर गेली. हाती आलेल्या पैशांतून त्यांनी काय केलं? आणखी शोधायला युरोपचं तिकीट काढलं.

सेव्हियामध्ये त्यांनी स्पेनच्या जुन्या वसाहतींचे दस्तऐवज चाळले. तिथेच त्यांनी सेबास्तियान गोमेझ या चित्रकाराचा माग काढला. मुरिल्यो या मोठ्या चित्रकाराच्या चित्रशाळेतला गुलाम अशी त्याची ओळख सांगितली जाते, आणि त्याची चित्रं सेव्हियात आहेत. तिथून माद्रिद.

प्रादो संग्रहालयात शॉम्बर्ग यांना बघायचं होतं पारेहाचं ‘संत मॅथ्यूला आलेली हाक’. १६६१ मधलं हे चित्र. बायबलमधला प्रसंग आहे, येशू जकात गोळा करणाऱ्या मॅथ्यूला बोलावतोय. टेबलाभोवती माणसं बसलीत. आणि अगदी डाव्या कडेला एक माणूस उभा आहे, ज्याचं त्या गोष्टीशी काही देणंघेणं नाही. तो आपल्याकडे बघतोय. हातात कागद, आणि कागदावर पारेहाची सही.

म्हणजे ११ वर्षांपूर्वी मालकाने ज्याचं चित्र काढलं होतं, त्याने आता स्वतःला स्वतः काढलं होतं. नावासकट.

पारेहाबद्दल जुन्या पुस्तकांत एक गोड दंतकथा आहे. तो चोरून चित्रं काढायचा, ती राजाच्या नजरेला पडली आणि राजाने खूश होऊन त्याला मोकळं केलं, अशी. कागदपत्रं वेगळं सांगतात. वेलास्केस यांनी नोव्हेंबर १६५० मध्ये रोममध्ये त्याच्या मुक्ततेच्या दस्तावर सही केली, पण अट घातली की आणखी चार वर्षं सेवा करायची. जगप्रसिद्ध झालेलं ते चित्र लोकांसमोर मांडलं गेलं, तेव्हा चित्रातला माणूस गुलामच होता. मालकाच्या मोठेपणाची गोष्ट सांगणाऱ्यांना हा तपशील अडचणीचा वाटतो.

जुलै १९२७ मध्ये ‘द क्रायसिस’ या मासिकात शॉम्बर्ग यांचा पारेहाच्या शोधावरचा लेख छापून आला. एका गुलाम चित्रकाराचं काम डोळ्यांनी पाहण्यासाठी इतक्या लांब आलेल्या, स्वतःही आफ्रिकी वंशाच्या माणसाचा हा लेख आहे. कृष्णवर्णीय वाचकांच्या मासिकात सतराव्या शतकातला एक स्पॅनिश चित्रकार आपला माणूस म्हणून आला. अमेरिका, कॅरिबियन आणि स्पेन यांना एकाच गोष्टीत बांधणं पोर्तो रिकोत वाढलेल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या शॉम्बर्ग यांना जितकं सहज जमलं, तितकं हार्लेममध्ये क्वचितच कुणाला जमलं असतं.

१९२९ च्या सुमारास बँकेतून निवृत्ती घेतल्यावर ते टेनेसी राज्यात नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात क्युरेटर म्हणून गेले. तिथला कृष्णवर्णीयांवरचा संग्रह शंभरेक नोंदींचा होता, तो त्यांनी साडेचार हजारांपर्यंत नेला. त्यानंतर १९३२ मध्ये ते न्यूयॉर्कला परतले, स्वतःच्याच संग्रहाचे क्युरेटर म्हणून. पगाराची सोय पुन्हा कार्नेगीच्या पैशांतून. इथे एक नाव घ्यायलाच हवं, कॅथरीन लॅटिमर. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल. हा विभाग त्या आधीपासून सांभाळत होत्या, वर्तमानपत्रांतली कात्रणं लावत होत्या, वाचकांना हवं ते शोधून देत होत्या. शॉम्बर्ग यांच्या गोष्टीत त्यांचं नाव बहुतेकदा गळतं. विसरलेल्यांची नावं शोधणाऱ्या माणसाच्या शेजारीच हे घडावं, हे जरा टोचतं.

१९३० चं दशक महामंदीचं. हार्लेममध्ये बेकारी भयंकर होती, पण या वाचनालयात गर्दी असायची. १९३४ मध्ये अ‍ॅरन डग्लस यांनी वाचनालयासाठी चार भव्य चित्रफलक केले. आफ्रिकेतल्या नृत्यापासून गुलामी, मुक्ती आणि शहरातल्या नव्या आयुष्यापर्यंतचा प्रवास त्यांत आहे. याच सुमारास हार्लेममध्ये वाढलेला एक विशीतला पोरगा तिथे येऊन हैतीच्या इतिहासाची पुस्तकं वाचत बसायचा. त्याचं नाव जेकब लॉरेन्स. शाळेत कधी न शिकवलेल्या तुसाँ लूव्हेर्त्युरवर त्याने ४१ चित्रांची मालिका केली. १९३८ मध्ये ती पूर्ण झाली. पुढे लॉरेन्स विसाव्या शतकातले अमेरिकेचे मोठे चित्रकार ठरले. संग्रहातून प्रदर्शन तयार होतं हे आपण बघतो. इथे वाचनालयातून चित्रकार तयार झाला.

त्याच वर्षी जूनमध्ये दाताच्या दुखण्यातून प्रकृती बिघडली आणि ब्रुकलिनमध्ये शॉम्बर्ग यांचं निधन झालं. वय ६४.

१९४० मध्ये त्या विभागाला त्यांचं नाव दिलं गेलं आणि १९७२ मध्ये त्याचं शॉम्बर्ग सेंटर फॉर रिसर्च इन ब्लॅक कल्चर झालं. आज तिथे १ कोटी १० लाखांच्या पुढे वस्तू आहेत. वाचनालय, अभिलेखागार आणि प्रदर्शनाचं दालन, तिन्ही एकाच छताखाली.

२०२३ च्या एप्रिलमध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमने हुआन दे पारेहावर प्रदर्शन भरवलं. या वेळी तो वेलास्केस यांच्या चित्रातला मॉडेल म्हणून नाही, चित्रकार म्हणून आला. १९७१ पासून तिथे असलेलं वेलास्केस यांचं चित्र होतंच, सोबत माद्रिदहून ‘संत मॅथ्यूला आलेली हाक’ आणलं गेलं. डेव्हिड पुलिन्स आणि शॉम्बर्ग यांच्या चरित्रकार व्हॅनेसा वाल्देस हे त्याचे क्युरेटर. आणि पारेहाच्या बरोबरीने प्रदर्शनात जागा होती शॉम्बर्ग यांच्या त्या शोधाला.

आता या गोष्टीचा आपल्या मातीशी असलेला धागा. फेब्रुवारी २०१३ मध्ये शॉम्बर्ग सेंटरने भारतातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांवर प्रदर्शन भरवलं, गुलामापासून सेनापती आणि राज्यकर्ते झालेल्यांवर. क्युरेटर होत्या इतिहासकार सिल्व्हियान डिऊफ आणि त्यांच्यासोबत केनेथ रॉबिन्स. हे रॉबिन्स पेशाने मानसोपचारतज्ज्ञ, आणि भारतीय कलावस्तू जमवण्याचा छंद असलेले. शॉम्बर्ग यांच्याच जातकुळीतले म्हणायचे.

त्या प्रदर्शनात जंजिऱ्याचे सिद्दी होते आणि अर्थातच मलिक अंबर होता. इथियोपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला, अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाती घेऊन मुघलांना जेरीस आणणारा. त्याने १६१० मध्ये वसवलेलं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण रोखलेल्या जहांगीरचं एक मुघल चित्र आहे, आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात असतं. बादशहाची इच्छा चित्रातच राहिली. मलिक अंबर कधीच हाती लागला नाही, १६२६ मध्ये तो म्हातारा होऊन वारला आणि त्याची कबर खुलताबादला आहे.

भारतावरचं हे प्रदर्शन पुढे देशोदेशी फिरलं आणि २०१४ मध्ये दिल्लीलाही येऊन गेलं.